अटाकामाचा फुलोरा आणि पिस्कोची खोरी

चिलीतल्या अटाकामा वाळवंटाचा फुलोरा पाहून परतणाऱ्यांच्या सामानात पिस्को या द्राक्षांच्या मद्याची बाटली असतेच. फुलं आणि द्राक्षं एकाच मुलखातली, पण दोघांचं पाणी वेगळं.

कोपियापो ते वायेनारच्या माळावर बिया नि कंद वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. हिवाळ्यात साधारण 15 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते उगवतात. नुसती भुरभुर उपयोगाची नाही. असा पाऊस बहुधा एल निन्योच्या वर्षी येतो. 1997 आणि 2015 चे फुलोरे त्यातलेच. ऑगस्टअखेरीस आधी पाता दे ग्वानाको या फुलांनी माळ जांभळा होतो. ही फुलं उन्हातच उमलतात, म्हणून किनाऱ्याकडच्या धुक्याच्या सकाळी जाऊन निराशा पदरी पडते, दुपार गाठावी. तांबडी, दुर्मीळ गारा दे लिओन उशिरा, कारिसाल बाखोजवळ दिसते. तिच्यासाठी तिथं 1994 पासून यानोस दे चाये राष्ट्रीय उद्यान आहे. वाट सोडून गाडी घालू नये: बी धरण्याआधीच रोप चिरडलं, तर पुढच्या पावसाचं बियाणं गेलं.

द्राक्षमळे मात्र आंदीजच्या बर्फाच्या पाण्यावर जगतात. स्पॅनिशांनी 16व्या शतकात आणलेल्या वेली उआस्को आणि एल्की खोऱ्यांत रुजल्या. मे 1931 मध्ये सरकारने पिस्को हे नाव अटाकामा आणि कोकिंबो या प्रांतांपुरतं राखून ठेवलं. 1936 मध्ये ला उनियोन गावाचं नावच पिस्को एल्की झालं. पेरूला चिलीचा या नावावरचा दावा अजूनही अमान्य आहे, आणि पिस्को नावाचं जुनं बंदर पेरूत आहे हे नाकारता येत नाही.

मुख्यतः मस्कत जातीच्या द्राक्षांची वाईन तांब्याच्या भट्टीत घाण्याघाण्याने गाळतात. पहिली, झोंबणारी धार आणि शेवटची, उग्र वासाची धार वेगळी काढतात, मधलीच ठेवतात. मग पाणी घालून तीव्रता उतरवतात: साधा 30 अंश (म्हणजे टक्के मद्यार्क), एस्पेसियाल 35, रेसेर्वादो 40, ग्रान पिस्को 43. चव कळायला रेसेर्वादो नुसताच, थेंबथेंब प्यावा. लिंबू-साखरेच्या पिस्को सावरमध्ये सुगंध दबतो. उआस्कोची गोड वाईन पाहारेते चुकवू नये.

पाऊस द्राक्षमळ्यांना मात्र बाधतोही: 2015 चा फुलोरा आला, त्याच वर्षीच्या मार्चमधल्या पुराने उआस्कोच्या वरच्या अंगाला अल्तो देल कार्मेनच्या खोऱ्यात चिखल घातला.

चाखायचं असेल, तर गाडी दुसऱ्याने हाकावी. 2012 पासून चालकाच्या रक्तात लिटरमागे 0.3 ग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला तरी गुन्हा आहे.