यादीत न बसलेला धूर

विकसनशील देशांत हृदयविकार, मधुमेह, कर्करोग आणि श्वसनाच्या जुनाट आजारांच्या प्रतिबंधाची धोरणे उशिरा आली. आरोग्यव्यवस्था मात्र आधीच उभी होती आणि ती बाळंतपण व बालकांभोवती रचलेली होती. १९७८च्या अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यातले सर्वांसाठीचे प्राथमिक आरोग्य पुढच्या दशकात लसीकरण, जलसंजीवनी, स्तनपान असे आकसत गेले. १९८७मध्ये नैरोबीतून सुरक्षित मातृत्वाची मोहीम सुरू झाली. या कामाचे मोल मोठेच आहे. पण त्यातून स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण, हे समीकरण घट्ट झाले. १९९५मध्ये बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेने स्त्रीच्या संपूर्ण आयुष्यभराच्या आरोग्याचा आग्रह धरला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या सहस्रक विकास उद्दिष्टांत मातामृत्यूंना स्वतंत्र स्थान मिळाले आणि या चार आजारांना एकही उद्दिष्ट मिळाले नाही. पन्नाशीतल्या बाईचा रक्तदाब कोणी मोजायचा, हे कुठल्याच कार्यक्रमात लिहिलेले नव्हते.

सप्टेंबर २०११मध्ये न्यूयॉर्कला या आजारांवर संयुक्त राष्ट्रांची उच्चस्तरीय बैठक झाली आणि ‘चार आजार, चार जोखीम घटक’ ही मांडणी पक्की झाली. घटक होते तंबाखू, मद्य, अयोग्य आहार आणि व्यायामाचा अभाव. याच चौकटीवरून आजवर वाद आहे आणि तो रास्त आहे. हे चारही घटक माणसाच्या सवयीचे, म्हणजे त्याने स्वतः निवडल्यासारखे. ‘जीवनशैलीचे आजार’ हा शब्द आपल्याकडेही त्यातूनच रुळला. मात्र लाकूड, शेण, कोळसा जाळून रोज कित्येक तास स्वयंपाक करणारी बाई काय निवडते? तिच्या फुप्फुसात जाणारा धूर जुनाट श्वसनविकाराचे मोठे कारण आहे, हे तेव्हाही माहीत होते. त्या बैठकीच्या राजकीय जाहीरनाम्यातच चुलीच्या धुराचा आणि त्याचा गरीब स्त्रिया व मुलांवर जास्त परिणाम होतो याचा उल्लेख आहे. एक परिच्छेद मिळाला, पण घटकांच्या यादीत जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेत २०१३मध्ये ठरलेल्या नऊ ऐच्छिक लक्ष्यांत मीठ आले, तंबाखू आली, रक्तदाब आला. धूर आला नाही. सरकारे तर लक्ष्ये पाहूनच पैसा देतात.

याचा परिणाम तपासणीच्या खोलीत दिसतो. धाप लागलेल्या बाईला पहिला प्रश्न, ‘सिगारेट ओढता का?’ ती ‘नाही’ म्हणते आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराची शंका तिथेच मागे पडते. ‘स्वयंपाक कशावर करता, किती वर्षे?’ हा प्रश्न विचारला तर निदानाची दिशा बदलू शकते.

इथे ‘लिंगभाव’, म्हणजे स्त्री किंवा पुरुष म्हणून समाजाने ठरवलेल्या भूमिका, या शब्दाचाही घोळ होतो. धोरणात तो बहुतेक वेळा ‘स्त्रिया’ या अर्थानेच वापरला जातो. जगभरात तंबाखू वापरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या चौपटीहून जास्त आहे आणि पुरुष लवकर मरतात. तरीही दवाखान्यात पुरुषाला ओढून आणणारा कार्यक्रम क्वचितच असतो. अकाली मृत्यूची व्याख्या ३० ते ७० वयाची. तिच्यात पुरुषांचे हे मृत्यू किमान मोजले तरी जातात. सत्तरीनंतर मधुमेह, अधू दृष्टी आणि एकटेपण घेऊन जगणारी स्त्री त्या आकड्याबाहेर राहते. आजारी माणसाची शुश्रूषा करणारीचे श्रमही कोणत्याच लक्ष्यात नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी २०३०पर्यंत या आजारांचे अकाली मृत्यू एक तृतीयांशाने कमी करायचे ठरवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे ‘९०-७०-९०’ हे लक्ष्य आले: १५ वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची ३५व्या आणि पुन्हा ४५व्या वर्षापर्यंत तपासणी, आजार आढळलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. आकडे स्पष्ट असल्याने या कामाला निधी मागता येतो.

धुराला २०१८मध्ये न्याय मिळाला, तोही अर्धवट. संयुक्त राष्ट्रांच्या पुढच्या बैठकीत वायुप्रदूषण हा पाचवा जोखीम घटक ठरला. पण शाश्वत उद्दिष्टांत प्रदूषणाचे मृत्यू ३.९ क्रमांकाच्या लक्ष्यात, या आजारांचे मृत्यू ३.४मध्ये आणि स्वच्छ इंधन सातव्या, ऊर्जेच्या उद्दिष्टात मोजले जाते. अजूनही दोन अब्जांहून अधिक लोकांचे अन्न धूर करणाऱ्या इंधनावर शिजते, आणि त्या चुलीची जबाबदारी आरोग्य खात्याची की ऊर्जा खात्याची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही.