शांतिसेनेची माघार: पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेचं शेवटचं विमान काबूलहून उडालं, तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं घरच्यांच्या काळजीने हवालदिल झाली होती. परक्या देशातून फौज कधी आणि कशी मागे घ्यावी, यावर तेव्हा इथे भरपूर बोललं गेलं, पण बहुतेक सगळं अमेरिकेबद्दल. आपल्या पदरी पडलेला अनुभव फारसा कुणाला आठवला नाही, आणि तो तर पुण्याशी थेट जोडलेला आहे. १९८७ साली श्रीलंकेत भारताची शांतिसेना गेली, तेव्हा तिची सर्वोच्च जबाबदारी लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे होती. ते लष्कराच्या पुण्यातल्या सदर्न कमांडचे तेव्हाचे प्रमुख.

त्याआधीची एक माघार मात्र नमुनेदार झाली होती. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि १२ मार्च १९७२ला भारतीय सैन्याने तिथे निरोपाचं संचलन केलं. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. काम ठरलेलं होतं, ते संपलं होतं, आणि परकं सैन्य देशात असेपर्यंत नव्या सरकारच्या स्वातंत्र्यावर शंका घेतली जाणार हे बांगलादेशचे शेख मुजीब आणि इंदिरा गांधी दोघांनाही कळत होतं.

श्रीलंकेत यातलं काहीच नव्हतं. २९ जुलै १९८७ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी तिथला तमिळ बंडखोरांशी चाललेला संघर्ष थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या. ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची होती, त्या तमिळ वाघांची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेची, मात्र करारावर सही नव्हती. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. म्हणजे सिंहलींना हा करार नको होता आणि वाघांनाही तो मनापासून मान्य नव्हता. दोघांच्या मध्ये उभं राहायला आपली फौज गेली, आणि परत कधी यायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये वाघांशीच लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री वाघांचे म्होरके पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले गेले. वाघांनी वायरलेसवरचं बोलणं आधीच ऐकलं होतं. ते दबा धरून बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीच्या तिथे उतरलेल्या तीस जवानांपैकी एकच वाचला, तोही कैदी होऊन. २५ नोव्हेंबरला आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतताना रात्री घातपाती हल्ल्यात सापडले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला, महार रेजिमेंटचा हा अधिकारी आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाफना हाती आलं, पण वाघ जंगलात पांगले. आपल्या फौजेच्या एका डिव्हिजनच्या चार झाल्या. सुरुंगांनी पाय गेलेले जवान येत राहिले. लष्करासाठी कृत्रिम हातपाय बनवणारं केंद्र १९४४पासून पुण्यात आहे, त्यामुळे या युद्धाची किंमत या शहराला बातम्यांपेक्षा जवळून दिसायला हवी होती.

शेवटी माघारीचा विषय काढला तो दिल्लीने नव्हे, कोलंबोने. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जून १९८९मध्ये जाहीरपणे सांगितलं की जुलैअखेर भारतीय सैन्याने जावं. त्याच सुमारास ते वाघांशी बोलणी करत होते. राजीव गांधींनी वेळ मागून घेतला; डिसेंबरात आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने माघार पूर्ण केली. २४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. या मोहिमेत सुमारे १,२०० जवानांचा बळी गेला होता. मद्रासच्या बंदरातल्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत.

सैन्य मागे घेणं बरोबरच होतं. वाघांना निःशस्त्र करणं आपल्या हातात उरलं नव्हतं आणि यजमान सरकारलाच आपण नको होतो. चुकलं ते आधीचं. १९८८मध्ये, जाफना ताब्यात असताना आणि आपल्या शब्दाला वजन असताना अटी घालून निघता आलं असतं. उशिराचा फटका आपल्यावर विसंबलेल्यांनाही बसला. श्रीलंकेच्या ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांना भारतात आसरा घ्यावा लागला, आणि घाईने उभं केलेलं त्यांचं तमिळ दल वाघांपुढे टिकलं नाही. जूनमध्ये वाघ आणि श्रीलंकेचं सैन्य पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. पुढच्या वर्षी, २१ मे १९९१ला, श्रीपेरुंबुदुरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली.

२००३मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं. सरकारात दोन्ही बाजूंनी विचार झाला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन इथे आपले जवान गेले ते संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणात. अशा मोहिमांना सुरक्षा परिषद मुदत घालून देते आणि ती संपत आली की पुन्हा मतदान घेते, त्यामुळे राहायचं की निघायचं हा प्रश्न ठरावीक काळाने टेबलावर येतोच.