वळवाचा गडगडाट आणि नासलेली अंडी

गेल्या वर्षी पाडव्यानंतर आमची काळी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक बसली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसली. तिच्याखाली १३ अंडी ठेवली. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहिलं. सहा अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर शिरा पसरलेल्या दिसल्या. दोन अगदी स्वच्छ होती, म्हणजे कोंबडा न लागलेली. उरलेल्या पाचांत मात्र शिरांऐवजी रक्ताचं बारीक कडं होतं, बांगडीसारखं. हे कडं म्हणजे गर्भ सुरुवातीलाच मेल्याची खूण. सहांपैकीही शेवटी चारच पिल्लं निघाली. दोन आतल्या आत पूर्ण वाढून, कवच न फोडताच गेली.

आईचा निवाडा तयार होता. "वळीव गडगडला ना मधी, त्यानं नासली. खिळा ठेव म्हटलं होतं." आमच्याकडे खुडूक कोंबडीच्या बुट्टीत लोखंडी खिळा नि कोळसा ठेवायची रीत आहे, गडगडाट बाधू नये म्हणून.

खिळ्याने काही होत नाही. पण आईचं निरीक्षण अगदीच खोटं नाही, फक्त चोर चुकीचा पकडलाय. अंडी नासली ती कोंबडीखाली जाण्याच्या आधीच, आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर.

त्याचं असं आहे. अंडं घातलं जातं तेव्हा गर्भाची वाढ सुरू होऊन जवळजवळ एक दिवस उलटलेला असतो. कोंबडीच्या पोटात सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमान असतं. बलकाला बीज मिळतं, मग त्यावर पांढरा भाग आणि कवच चढायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात एका पेशीच्या हजारो पेशी होतात. बलकावर जो पांढुरका ठिपका दिसतो तो हाच. अंडं बाहेर पडून गार झालं की ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही, नुसता थांबून राहतो. म्हणून तर कोंबडी दहा-पंधरा दिवसांत एकेक अंडं घालते आणि पिल्लं मात्र सगळी एकाच दिवशी, फार तर दीड दिवसाच्या अंतराने निघतात. ती खुडूक बसते तेव्हाच सगळी घड्याळं एकदम सुरू होतात.

पण घड्याळ नीट थांबायला गारवा लागतो. साधारण २० अंशांच्या खाली वाढ पुरती थांबते. उबवणीला ३७.५ अंश लागतात. मधल्या तापमानात गर्भाची गत ना धड झोपलेला ना धड जागा अशी होते. थोडा वाढतो, अडखळतो, कमजोर होतो, आणि खरी ऊब मिळाली की दोन-चार दिवसांत संपतो. चैत्रात आमच्या पत्र्याखालची फळी दुपारी सहज ३५ अंशांवर जाते. तिथे मी आठ-दहा दिवस अंडी साठवली होती.

आणि वळीव? तो येतोच मुळी आठ-दहा दिवस जमीन तापल्यावर, उकाडा असह्य झाल्यावर. अंडीही त्याच उकाड्यात बिघडलेली असतात. गडगडाट ऐकू येतो, उकाडा ऐकू येत नाही, म्हणून आळ ढगावर.

आजी अंडी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. मातीचं घर, जाड भिंती, धान्याच्या पोटात दिवसरात्र जवळपास सारखीच हवा. ते घर पाडून आम्ही पत्रा घातला नि कणगी गेली. यंदा मी ओल्या वाळूत अर्धं मडकं गाडलं, त्यात भुसा घालून अंडी ठेवली, वाळूवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. शिवाय सात दिवसांहून जुनं अंडं घेतलंच नाही.

कोंबड्या याच दिवसांत का खुडूक बसतात, हेही गमतीचं आहे. आपल्याकडे पौषात दिवस अकरा तासांचा, ज्येष्ठात तेरा तासांचा. होळीनंतर उजेड वाढत जातो आणि कोंबडीला तो नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून झिरपलेला प्रकाश मेंदूच्या आत खोलवर असलेल्या पेशींना जाणवतो, त्यातून अंडी घालण्याची यंत्रणा जागी होते. मग अंडी साठली, त्यांचा स्पर्श पोटाला होत राहिला की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि बाई खुडूक होतात. छाती-पोटाखालची पिसं झडतात, उघड्या कातडीत रक्त भरून येतं. हात घालून बघा, गरम पाण्याच्या पिशवीसारखं लागतं. (चोच बसली तर माझ्यावर येऊ नका.) जास्त अंडी देणाऱ्या फार्मच्या जातींतून हा खुडूकपणा निवड करकरून जवळजवळ घालवलाय, कारण खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. त्यामुळे उबवणीला गावठीच हवी.

पुढचे २१ दिवस ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. दुसऱ्या दिवशीच हृदय हलू लागतं. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी रोज एकेक अंडं फोडून तिसऱ्या दिवसाचा तो धडधडणारा रक्ताचा ठिपका पाहून लिहून ठेवलाय. कवचाला दहा हजारांच्या आसपास बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत आणि वाफ बाहेर जाते. पिल्लाची हाडं बनतात ती बरीचशी याच कवचातल्या कॅल्शियमने. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस दाण्यावाचून राहू शकतं. तेव्हाच ते अंड्याच्या बोथट टोकातल्या हवेत चोच खुपसून पहिला श्वास घेतं आणि आतून चिवचिवतं. अंडं कानाला लावलं की ऐकू येतं. हवा फार कोरडी असली तर तो पापुद्रा चामड्यासारखा चिवट होतो आणि पिल्लू आतच अडकतं. म्हणून शेवटचे तीन दिवस बुट्टीखालची माती ओली ठेवली.

यंदा १२ अंड्यांतून १० निघाली. खिळा आईने ठेवलाच होता, त्यामुळे श्रेयाचा वाद अजून मिटलेला नाही.

पिल्लांना पहिला आठवडा ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. आई असली की तापमापकाची गरज नाही. बल्बखाली वाढवत असाल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कडेला पांगून चोची उघडून धापा टाकत असली तर उकडतंय. आपल्या चैत्रात दुपारी दुसरंच जास्त. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र पहिल्या आठवड्यात, डोळ्यात थेंब टाकून, यात हयगय नको.

नुसत्या कण्यांवर पिल्लं अंग धरत नाहीत. त्यांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, तांदळाच्या कण्यांत ती सात-आठच. बांधाशी मडक्यात ओलं शेण नि काड्या भरून रात्री पालथं घालतो, सकाळी वाळवी भरलेली असते. ते उलटलं की कोंबडी एक वाळवी उचलते, टाकते, घाईघाईने कुकुक करते, आणि पिल्लं तिच्या चोचीखालचीच उचलतात. खायचं काय, हे ती अशी दाखवते.

खुराड्यातली शीट मिरचीला लगेच घालायचा मोह होतो. घालू नका. शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडखतात तीन टक्क्यांपर्यंत, तेही बरंचसं युरिक आम्लाच्या रूपात. शिटेवरचा पांढरा भाग तोच. ओलं झालं की त्यातून अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं करपतात. पाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू दिलं तर त्याला तोड नाही.

पिल्लं आता तीन आठवड्यांची आहेत. वाफ्यातली माती उकरायला आईच शिकवते, त्यामुळे परवा वांग्याची सात रोपं मुळासकट उलथी पडली होती. डालगं पिल्लांसाठी आणलं होतं. सध्या ते रोपांवर पालथं आहे, आणि वर काळी बसून राखण करते.