ॲरन स्वार्ट्झ आणि यंत्राचे वाचन

संकेतस्थळावर नवे काय आले हे वाचकाने तिथे जाऊन पाहण्याऐवजी संकेतस्थळानेच ठरावीक साच्यात कळवावे, ही आरएसएस फीडची कल्पना. डिसेंबर २००० मध्ये तिची १.० आवृत्ती सिद्ध करणाऱ्या गटात एक सदस्य अवघा १४ वर्षांचा होता. शिकागोजवळच्या हायलँड पार्कमध्ये वाढलेल्या या मुलाचे नाव ॲरन स्वार्ट्झ. पुढे आपली कृती इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने संगणकालाही वाचता यावेत यासाठीची मांडणी, साध्या मजकुराला खुणांनी रूप देणाऱ्या मार्कडाउन या लेखनपद्धतीच्या घडणीतील वाटा आणि रेडिट या चर्चा-संकेतस्थळाची सुरुवातीची उभारणी ही कामे त्याने विशी ओलांडण्यापूर्वीच केली.

माणूस एकेक करून जे वाचतो, ते यंत्राने लाखांच्या संख्येने वाचले तर काय सापडेल, हे कुतूहल त्याच्या पुढच्या कामात सतत दिसते. २००८ मध्ये अमेरिकी संघीय न्यायालयांची कागदपत्रे ‘पेसर’ या न्यायालयांच्याच ऑनलाइन सेवेवर पानामागे ८ सेंट आकारून मिळत असत, आणि तीही कॉपीराइट नसलेली. काही ग्रंथालयांत ती प्रायोगिक तत्त्वावर विनामूल्य उपलब्ध होताच त्याने प्रोग्राम लिहून सुमारे २७ लाख दस्तऐवज उतरवून घेतले. एफबीआयने चौकशी केली, पण गुन्हा आढळला नाही. त्याच सुमारास कायदेविषयक नियतकालिकांतील चार लाखांहून अधिक लेख चाळून, संशोधकांना पैसा कोण पुरवतो याचाही त्याने एका विद्यार्थिनीसोबत अभ्यास केला होता.

सप्टेंबर २०१० मध्ये तो अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून ‘जेस्टॉर’ या शोधनिबंधांच्या संग्रहाकडे वळला. पायथन या संगणकभाषेतील छोटा प्रोग्राम एकामागून एक निबंध मागवत राही. जेस्टॉरने त्याच्या संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, अडवला, तेव्हा त्याने तो बदलला. एमआयटीने नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक अडवला, तेव्हा तोही बदलला. आणि अखेर तळघरातील वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप ठेवून तो थेट जोडला. सुमारे ४८ लाख दस्तऐवज उतरले. खोलीत शिरताना त्याने सायकलच्या हेल्मेटने चेहरा झाकला होता, म्हणजे आपण नियम मोडतो आहोत याची त्याला जाणीव असावी. परंतु एमआयटीच्या नेटवर्कवर पाहुण्यालाही जेस्टॉर वाचता येत असे. मग वेगाने आणि सगळेच मागवणे हा नियमभंग ठरेल, की संगणक-घुसखोरीचा गुन्हा?

सरकारी वकिलांनी गुन्हा मानला. ज्या संगणक-गैरवापर कायद्याचा आधार घेतला, तो १९८६ चा, म्हणजे ॲरनच्याच जन्मवर्षातला, वेब अस्तित्वात येण्यापूर्वीचा. जेस्टॉरने त्याच्याशी तडजोड केली होती, तरी आरोपांची संख्या १३ वर गेली आणि कमाल शिक्षा ५० वर्षांपर्यंत पोहोचली. दरम्यान ‘सोपा’ या इंटरनेट-नियंत्रण विधेयकाविरुद्धच्या लढ्यात तो आघाडीवर होता. जानेवारी २०१२ मध्ये विकिपीडियाने एक दिवस इंग्रजी पाने बंद ठेवली आणि विधेयक बारगळले. खटला उभा राहण्यापूर्वी, ११ जानेवारी २०१३ रोजी, २६ वर्षांच्या ॲरनने आत्महत्या केली.

त्याच्या नावाने मांडलेली कायदादुरुस्ती संमत झाली नाही. मात्र २०२१ च्या व्हॅन ब्युरेन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला माहिती पाहण्याचा अधिकार आहे त्याने ती अयोग्य हेतूने पाहिली एवढ्यावरून तो या कायद्याखाली गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय दिला. पेसरच्या कामातील त्याचे सहकारी कार्ल मलामुद यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुमारे ७.३ कोटी शोधनिबंधांचा साठा उभारला. तेथे निबंध वाचण्यासाठी दिले जात नाहीत; संगणकाने ते एकत्र चाळून त्यांतील दुवे शोधावेत, एवढ्यापुरतीच ही सोय आहे.