फॉसेट, हेन्री

(२६ ऑगस्ट १८३३ – ६ नोव्हेंबर १८८४). ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, लिबरल पक्षाचे संसद सदस्य व पोस्टमास्टर जनरल. दृष्टी गमावल्यानंतर राजकारणात आलेल्या या गृहस्थांना त्यांच्या काळात ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत, वास्तविक ते निवडून येत ब्रायटन आणि हॅकनीतून.

जन्म सॉल्झबरीचा. १८५६ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सातवे रँग्लर झाले. (या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत. र. पु. परांजप्यांमुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला, तो पुढे १८९९ मध्ये.) सप्टेंबर १८५८ मध्ये शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे चष्म्याच्या काचा फोडून डोळ्यांत घुसले आणि पंचविसाव्या वर्षी दोन्ही डोळे गेले. फॉसेट यांनी आधीचा एकही बेत सोडला नाही, मासेमारी आणि घोडेस्वारीसुद्धा. १८६३ मध्ये ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि काही पराभव पचवून १८६५ मध्ये ब्रायटनमधून कॉमन्स सभागृहात पोचले.

हिंदुस्थानचा अंदाजपत्रकी हिशेब तिथे निघे तेव्हा बहुतेक बाके रिकामी असत. फॉसेट मात्र चिटणिसाकडून आकडे वाचून घेत, पाठ करत आणि कागदाविना मांडत. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये नाचाची मेजवानी झाली आणि तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. पाहुणा ब्रिटनचा, बिल रयतेचे! फॉसेट यांनी हे सभागृहात उघड केले. अ‍ॅबिसिनियावरील (आजचा इथिओपिया) ब्रिटिश लष्करी मोहिमेचा भार हिंदुस्थानावर टाकण्यालाही त्यांनी विरोध केला. १८६८ मध्ये त्यांनी सनदी नोकरीच्या परीक्षा लंडनसोबत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथेही घ्याव्यात असा ठराव मांडला. हिंदी अर्थव्यवहाराच्या चौकशीसाठी १८७१ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीमागे त्यांचाच आग्रह होता. १८७३ मध्ये या समितीपुढे दादाभाई नौरोजींनी साक्ष दिली. १८७४ मध्ये फॉसेट ब्रायटनला हरले, तेव्हा त्यांच्या निवडणूक खर्चासाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली. त्याच वर्षी हॅकनीने त्यांना पुन्हा निवडून दिले.

त्यांना आजच्या अर्थाने साम्राज्यविरोधी म्हणणे चुकीचे ठरेल. ब्रिटिश सत्ता जावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. तिने हिशेब चोख ठेवावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. स्वपक्षीयांचीही ते गय करत नसत. लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे आयरिश विद्यापीठ विधेयक १८७३ मध्ये तीन मतांनी पडले, त्याच्या विरोधकांत फॉसेट होते.

त्याच ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये त्यांना टपालखाते दिले, मंत्रिमंडळात मात्र घेतले नाही. पोस्टल ऑर्डर (१८८१) आणि पार्सल टपाल (१ ऑगस्ट १८८३) त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. पेनीची तिकिटे एका कागदावर चिकटवत शिलिंग भरला की बचत खाते उघडता येई, ही सोय कष्टकऱ्यांसाठी होती. खात्यात स्त्री-कारकुनांची भरतीही त्यांनी वाढवली.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मिलिसेंट गॅरेट यांच्याशी १८६७ मध्ये त्यांचा विवाह झाला. केंब्रिजमध्ये स्त्रियांसाठी व्याख्याने सुरू करण्याची बोलणी या दांपत्याच्या दिवाणखान्यात झाली. न्यूनम कॉलेजचा उगम त्यातलाच. फॉसेट छातीच्या आजाराने एकावन्नाव्या वर्षी केंब्रिजला वारले. त्यांची एकुलती मुलगी फिलिपा न्यूनममध्येच शिकली. १८९० च्या गणित परीक्षेत तिचे गुण पहिल्या रँग्लरपेक्षा जास्त होते, पण स्त्री असल्यामुळे पहिल्या रँग्लरचा किताब तिला मिळाला नाही.