परिचालन व्यवस्थापन

कच्चा माल, माणसे, यंत्रे, जागा आणि वेळ यांची सांगड घालून ठरलेल्या दर्जाची वस्तू किंवा सेवा ठरल्या वेळी, परवडणाऱ्या खर्चात तयार करण्याचे शास्त्र. व्यवहारात ऑपरेशन्स मॅनेजमेंट हेच नाव अधिक रुळले आहे. विक्री विभाग मागणी आणतो, हिशेब विभाग पैसा मोजतो. माल किती घ्यायचा, कामाचा क्रम काय, कुठे किती माणसे लावायची, हे मधले सगळे परिचालनात येते. मागणी भरपूर असूनही धंदा तोट्यात जातो, तेव्हा कारण बहुतेकदा इथेच सापडते.

1913 हे या शास्त्राच्या इतिहासातले मोठे वर्ष. हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी साखळी सुरू झाली आणि त्याच वर्षी फोर्ड हॅरिस या अभियंत्याने किफायतशीर खरेदी प्रमाणाचे, म्हणजे एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारे, सूत्र मांडले. या दोन फोर्डांचा परस्परांशी संबंध नाही. पुढे जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी साठा आणि वाया जाणारे श्रम कमी करण्याची पद्धत घडवली.

गोव्यातला काजू कारखाना पाहिला तर हे शास्त्र चटकन समजते. काजूबी वाळवणे, वाफवणे, रात्रभर निववणे, फोडणे, गर भट्टीत सुकवणे, साल काढणे, प्रतवारी आणि डबाबंदी असा तिचा प्रवास. समजा, एका कारखान्यात दिवसाला 1,200 किलो बी वाफवता येते, 800 किलो फोडता येते, 1,000 किलो बियांचा गर सुकवता येतो, पण सोलणी 700 किलो बियांच्याच गराची होते. कारखान्याची खरी क्षमता 700 किलो. फोडणीचे नवे यंत्र घेतले तर उत्पादन तसूभरही वाढत नाही, सोलणीची वाट पाहणारा ढीग तेवढा वाढतो. सोलणीवर माणसे वाढवून ती 900 वर नेली की फोडणी हा नवा अडसर ठरतो आणि उत्पादन 800 वर थांबते. यंत्र घेण्याआधी अडसर शोधावा, हा या विषयातला सर्वांत उपयोगी नियम. तो शोधणे अवघड नाही: ज्या टप्प्याच्या आधी माल साचतो आणि ज्याच्यानंतरची माणसे रिकामी बसतात, तोच अडसर.

साचलेल्या मालाचा हिशेबही सोपा आहे. वाटेत अडकलेला माल भागिले रोजचे उत्पादन म्हणजे मालाला लागणारे दिवस. रोज 200 किलो गर बाहेर पडतो आणि टप्प्याटप्प्यांत मिळून 600 किलो पडून आहे, तर आज आत गेलेला गर तीन दिवसांनी बाहेर येणार. तातडीची ऑर्डर घेताना हा आकडा हाताशी हवा.

दर्जा शेवटच्या तपासणीत तयार होत नाही. वाफ कमी पडली तर टरफल नीट सुटत नाही, गर तुटतो आणि टरफलातले दाहक तेल त्याला लागते. वाफ जास्त झाली तर गर काळवंडतो. भट्टी सुमारे 70 अंश सेल्सिअसवर सहा ते आठ तास चालते. गर कमी सुकला की साल चिकटून राहते, जास्त सुकला की सोलताना तुकडे पडतात. 80 किलोच्या पोत्यातून साधारण 18 ते 20 किलो सोललेला गर मिळतो. त्यात अख्खा किती आणि पाकळी-तुकडा किती यावर भाव ठरतो. म्हणून प्रत्येक घाण्याचे तापमान, वेळ आणि तुकड्याचे प्रमाण त्याच दिवशी नोंदवणे गरजेचे. आठवड्याने काढलेल्या सरासरीतून बिघाड कुठे झाला ते कळत नाही.

साठ्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. स्थानिक काजूबी मुख्यतः मार्च ते मे या काळातच येते, त्यामुळे वर्षभर चालणाऱ्या कारखान्याला पैसा अडकवून साठा करावाच लागतो. बीतला ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय गोदाम भरले तर पावसाळ्यात बुरशी धरते. डब्यांचे तसे नाही. ते बाराही महिने मिळतात. तिथे हॅरिसचे सूत्र चालते: वार्षिक गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, त्याला एक डबा वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागून वर्गमूळ. वर्षाला 12,000 डबे, ऑर्डरचा खर्च 600 रुपये आणि साठवणीचा 10 रुपये असेल, तर एका वेळी 1,200 डबे मागवावेत. दिवसाला 40 डबे लागत असतील आणि माल यायला सात कामाचे दिवस लागत असतील, तर 280 उरले की मागणी नोंदवायची. पावसाळ्यात मात्र चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की गाडी अडकते, म्हणून तेव्हा 400 उरले असतानाच नोंदवलेली बरी.

सेवा साठवता येत नाही. कळंगुटच्या हॉटेलात आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. स्वागतकक्षात एकच खिडकी असेल, पाहुणे अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी पाच मिनिटे, पण कमीजास्त, लागत असतील, तर खिडकी 80 टक्के वेळ व्यग्र असताना रांगेतली सरासरी प्रतीक्षा सुमारे 20 मिनिटे होते. 90 टक्क्यांवर ती 45 मिनिटांवर जाते. माणूस क्षणभरही रिकामा दिसू नये हा मालकाचा हट्ट रांग वाढवतो, तो असा. डिसेंबरच्या गर्दीत दुपारपुरती दुसरी खिडकी उघडणे खोल्यांचा दर उतरवण्यापेक्षा स्वस्त पडते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळातला खाद्यपदार्थांचा बेत मे महिन्यातच ठरवावा लागतो, आणि चतुर्थीला कामगार गावी जाणार हे गृहीत धरून पाळ्या आधी लावाव्या लागतात.