लिॲट
लिॲट ही पूर्व कॅरिबियनमधील लहान बेटे एकमेकांशी जोडणारी प्रादेशिक विमान कंपनी होती. ‘लीवर्ड आयलंड्स एअर ट्रान्सपोर्ट’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाई. फ्रँक डिलाइल यांनी १९५६ मध्ये अँटिग्वा येथे ती स्थापन केली, तेव्हा पायपर अपाचे जातीचे एकच विमान अँटिग्वा व माँटसेरॅट यांदरम्यान ये-जा करीत असे. पुढच्याच वर्षी ब्रिटिश वेस्ट इंडियन एअरवेजने कंपनीचा मोठा हिस्सा घेतल्यावर इतर बेटांकडे विस्तार झाला. १९७१ मध्ये ती कोर्ट लाइन या ब्रिटिश कंपनीकडे गेली. परंतु १९७४ च्या ऑगस्टमध्ये कोर्ट लाइनचेच दिवाळे निघाले आणि दळणवळण खंडित होऊ नये म्हणून कॅरिबियनमधील ११ सरकारांनी लिॲट विकत घेतली.

या सामायिक मालकीतच पुढील अडचणींचे मूळ होते. सेवा सर्व बेटांना हवी होती; तोट्याचा भार मात्र अखेरीस प्रामुख्याने बार्बाडोस, अँटिग्वा आणि बार्बुडा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स व डॉमिनिका या चार भागधारक सरकारांवर पडला. आखूड उड्डाणांत इंधनाचा मोठा वाटा वर चढण्यातच खर्च होतो, प्रत्येक उतरणीस विमानतळाचे शुल्क द्यावे लागते आणि इंजिने व चाके लवकर झिजतात. त्यातच तिकिटांवरील सरकारी करांमुळे थोड्या मिनिटांचा प्रवासही महाग होई. विमानांच्या उशिरामुळे प्रवाशांनी आद्याक्षरांचा ‘लीव्ह आयलंड एनी टाइम’, म्हणजे ‘बेट केव्हाही सोडा’, असा विनोदी अर्थ लावला होता. तो बोचरा असला, तरी त्यात घरच्या वस्तूविषयीची आपुलकीही दिसते. कारण नातलगांच्या भेटी, उच्च शिक्षण, रुग्णांची ने-आण आणि क्रिकेट सामने यांसाठी अनेकांना हाच सोयीचा मार्ग होता.

२००७ मध्ये कॅरिबियन स्टार ही प्रतिस्पर्धी कंपनी लिॲटमध्ये सामावली गेली, तरी आर्थिक स्थिती सावरली नाही. २०१३ पासून डॅश-८ विमानांच्या जागी कर्ज काढून एटीआर विमाने आणताना वेळापत्रक कोलमडले. २०२० मध्ये कोविडमुळे उड्डाणे थांबली. जूनमध्ये अँटिग्वाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांनी कंपनी गुंडाळण्याचे जाहीर केले. त्यानंतर ती न्यायालयीन प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि नोव्हेंबरअखेर मोजकी उड्डाणे पुन्हा सुरू झाली. २४ जानेवारी २०२४ रोजी तीही बंद पडली. माजी कर्मचाऱ्यांच्या थकीत भरपाईचा वाद तेव्हाही मिटला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नायजेरियाच्या एअर पीसच्या भागीदारीतून स्थापन झालेल्या ‘लिॲट २०२०’ या वेगळ्या कंपनीची उड्डाणे सुरू झाली.